ज्येष्ठांची सहल आणि न प्यायलेले पाणी

डिसेंबर उजाडला, शाळांना नाताळची सुट्टी लागण्याचे दिवस जवळ आले, की सातपूरच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न ठरल्यासारखा येऊ लागतो. "डॉक्टर, दोन दिवस मुंबईला जायचं म्हणतोय. आईला नेलं तर चालेल ना?" विचारणारा मुलगा किंवा सून समोरच्या खुर्चीवर असते, ज्यांच्याविषयी विचारले जात आहे त्या आजी बहुधा शेजारीच, पदराशी चाळा करत बसलेल्या. मी रक्तदाब मोजते, घोट्यावर अंगठा दाबून सूज पाहते, गोळ्यांची चिठ्ठी वाचते आणि बहुतेक वेळा 'न्या' असेच सांगते. मग आजींकडे वळून विचारते, "तुम्हाला जायचंय का?" उत्तर ठरलेले असते: "माझं काय, ही म्हणतील तसं."

वाचकहो, या तीन-चार शब्दांविषयीच मला आज आपल्याशी बोलायचे आहे. आमच्याकडे हे शब्द सोशिकपणाचे लक्षण मानले जातात. वैद्यकीय व्यवसायात अनेक वर्षे काढल्यावर मला मात्र ते ऐकले की सावध व्हावेसे वाटते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हीच मंडळी पुन्हा दवाखान्यात दिसतात. कोणाला उठताना चक्कर येते, कोणाला लघवीला जळजळ होते, कोणाचे पोट चार दिवस साफ नाही, कोणाची साखर गाडीतच उतरलेली असते. घरच्यांचे निदान तयार असते: "फार चालणं झालं." मी थोडे खोदून विचारले की निराळेच निघते. आजींनी आदल्या संध्याकाळपासून पाणी जवळजवळ सोडलेले असते. सकाळची 'लघवीची गोळी' घेतलेली नसते. लघवी तीन-तीन, चार-चार तास रोखलेली असते. हे सगळे एकाच कारणासाठी: गाडी आपल्यामुळे थांबायला नको, मुलांचा खोळंबा व्हायला नको.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते आणि लघवी घट्ट करून शरीरातील पाणी राखण्याची मूत्रपिंडाची शक्तीही कमी होते. म्हणजे ज्या वयात पाणी आठवणीने प्यायला हवे, त्याच वयात आपण ते ठरवून टाळतो. बाळंतपणांनंतर कटीतळाचे स्नायू सैल झालेल्या स्त्रियांना खोकला-शिंक आली तरी थेंबभर लघवी होण्याची धास्ती असते. पुरुषांना प्रोस्टेटमुळे धार लवकर सुरू होत नाही आणि दाराबाहेर कोणी उभे असले तर मुळीच होत नाही. दोघेही हे घरात बोलत नाहीत. मला तर वाटते, प्रवासात ज्येष्ठांचे अर्धे हाल आजाराने होतात आणि अर्धे संकोचाने.

गेल्या डिसेंबरात आम्हीही मुंबईला गेलो होतो. माझे माहेर आणि दवाखाना दोन्ही सातपूरचेच. आई सत्त्याहत्तर वर्षांची, आप्पा ब्याऐंशीचे, भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुले आणि मी. आई आणि आप्पा दोघांनाही मुंबई नवी नाही. आप्पा विशीच्या उंबरठ्यावर डिलाईल रोडवरच्या एका गिरणीत लागले होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. संपाचे नेते दत्ता सामंत हे स्वतः डॉक्टर. मी पुढे डॉक्टर झाले तेव्हा आप्पांनी त्यांचे नाव काढले होते, कौतुकाने की कडवटपणाने हे मला अजून ठरवता आलेले नाही. संप विझत गेला, पण गिरणी पुन्हा पूर्वीसारखी चालू झाली नाही. एका नातेवाइकाने सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात चिकटवले आणि आमचे घर चाळीच्या खोलीतून नाशकात आले. त्यानंतर आप्पा मुंबईला गेले ते लग्नांना आणि तेराव्यांना. यंदा ते स्वतःहून म्हणाले, "एकदा लालबाग बघून येऊ." घरात कोणी काही मागण्याची त्यांची रीत नाही, म्हणून मी ते वाक्य लिहून ठेवावे तसे लक्षात ठेवले.

जायचे कसे, यावर घरात बरीच चर्चा झाली. एसटीचा मोह मोठा होता. ऑगस्ट २०२२पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत ७५ वर्षांवरील प्रवाशांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते आणि मार्च २०२३पासून सर्व वयांच्या स्त्रियांनाही निम्मेच भाडे लागते. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंद केली ती बंदच आहे. तरीही मी रेल्वेचाच आग्रह धरला, कारण गाडीला स्वच्छतागृह असते. बस थांबते ती चालकाच्या सोयीने. गाडीत मात्र आपल्या गरजेने उठता येते. ज्यांना दर दोन तासांनी उठावे लागते त्यांच्या बाबतीत तिकिटाचे पैसे हा दुसरा विचार असावा, पहिला नव्हे.

पहाटे साडेपाचला आम्ही सातपूर सोडले आणि सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटणारी पंचवटी एक्सप्रेस पकडली. १९७५पासून धावणारी ही गाडी नाशिककरांची घरचीच. रोज मुंबईला नोकरीला जाणारे पासधारक तिच्यात इतके सरावलेले असतात की पत्त्यांचे डाव कसाऱ्याचा घाट उतरतानाही मोडत नाहीत. मी आसने राखून घेतली ती दाराजवळची आणि कडेची. खिडकीचा मोह नातवंडांना द्यावा.

इगतपुरी आली तेव्हा आईच्या मांडीवरची पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली होती. झाकणाचे सीलही तुटलेले नव्हते. मी काही बोलले नाही. तिच्या पिशवीतील गोळ्यांची डबी काढली. शनिवार सकाळच्या कप्प्यात दोन गोळ्या हव्या होत्या, त्यांपैकी रक्तदाबाची गेलेली होती आणि लघवीची गोळी तिथेच होती. "आई, ही राहिली," म्हटले तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घरी गेल्यावर घेते गं. एक दिवस नाही घेतली तर काय होतंय?"

आईला ही गोळी हृदयासाठी दिलेली आहे. ती न घेतल्यास पायांवर सूज चढते आणि दोन दिवसांत रात्री उताणे झोपल्यावर दम लागू लागतो. 'एक दिवस' म्हणून सुटलेली गोळी सहलीत दोन दिवस सुटते, कारण परतीचाही प्रवास असतोच. पण तिला रागावून उपयोग नव्हता, कारण तिची भीती खोटी नव्हती. तिची गोळी घेतल्यापासून तासाभरात काम करू लागते आणि तिचा जोर साधारण सहा तास टिकतो. हा जोर प्रवासातून उचलून मुक्कामाच्या वेळेत ठेवता येतो. मी म्हटले, "आत्ता घेऊच नकोस. मावशीकडे पोचल्यावर अकराला घे. पण पाणी आत्ता पी, घोट-घोट." तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. आपल्या घरच्या ज्येष्ठांच्या गोळीची वेळ अशी पुढे-मागे करता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना प्रवासाच्या आठवडाभर आधी विचारून घ्यावे. सर्व गोळ्या सारख्या नसतात. गोळी परस्पर वगळणे मात्र कोणाच्याही बाबतीत योग्य नाही.

पाणी प्यायल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिलाच. अशा वेळी डब्यात सगळ्यांसमोर "आई, तुला जायचंय का?" असे विचारू नये. उत्तर 'नाही' असेच येते. मी उठले आणि म्हणाले, "मी जाऊन येते, तू जरा माझ्याबरोबर चल, पर्स धरायला." आई लगेच उठली. मी आधी आत जाऊन जमीन ओली आहे का, कडी नीट लागते का, धरायला दांडा कुठे आहे हे पाहिले, मग तिला आत सोडून दाराला पाठ लावून उभी राहिले. दोन दिवसांत ही 'पर्स' तिने आठ-नऊ वेळा धरली. वहिनीच्या ते ध्यानात आले आणि दुसऱ्या दिवशी तीही अधूनमधून पर्स देऊ लागली. मुंबईत फिरताना उडुपी हॉटेलातील चहा हे तेथील प्रसाधनगृहाचे भाडे समजावे. इतका स्वस्त आणि सन्मानाचा सौदा त्या शहरात दुसरा नाही.

आप्पांचा प्रश्न वेगळा. त्यांना मधुमेह आहे आणि जेवणाआधीची गोळी ते घड्याळाच्या काट्यावर घेतात. पहाटे निघतानाच ते गोळी घ्यायला निघाले होते. नाश्ता मात्र गाडीत व्हायचा होता. गाडीचा नाश्ता कधी मिळेल हे गाडीच जाणे. अशी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अन्न प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय औषध घेऊ नये. आम्ही दशम्या, चटणी आणि उकडलेली अंडी बरोबर नेली होती; डबा उघडला तेव्हा गोळी दिली. घाम फुटणे, हात थरथरणे, बोलण्यात गोंधळ, विनाकारण चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे असतात आणि गर्दीत ती 'दमले असतील' म्हणून सोडून दिली जातात. अशा वेळी साखरेपेक्षा ग्लुकोजची पूड जवळ असलेली बरी, कारण मधुमेहाच्या काही गोळ्या साध्या साखरेचे पचन लांबवतात. ग्लुकोज मात्र त्यांनाही लागू पडते. तीन चहाचे चमचे पाण्यात घालून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काही घालू नये. १०८ला फोन करावा. इन्सुलिन नेणाऱ्यांनी ते सामानात न टाकता हातातल्या पिशवीत, उन्हापासून दूर ठेवावे, पण बर्फाला चिकटवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

कसाऱ्याच्या खाली उतरलो तशी हवा बदलली. नाशिकच्या पहाटेला स्वेटर, मफलर, कानटोपी हवीच. कल्याणपर्यंत तेच कपडे अंगाला चिकटू लागतात. मुंबईच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, म्हणून थंडावाही मिळत नाही. डिसेंबरातही दुपारी तिथे तिशीच्या वर पारा जातो. एकाच जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे एकावर एक घालावेत, एकेक काढता येतात.

मुक्काम प्रभादेवीला मावशीच्या घरी, एका खोलीच्या जागेत सात पाहुणे. मुंबईकरांचे हे आतिथ्य मला नेहमीच चकित करते. दुपारी सगळे सक्तीने झोपले. हा नियम मी निघण्याआधीच घातला होता. चार वाजता आमची दोन गटांत विभागणी झाली. भाऊ-वहिनी मुलांना घेऊन गेटवेकडे गेले. भाच्याने 'सगळे मिळून' असा हट्ट धरला होता, पण सगळ्यांनी सगळे एकत्रच पाहिले पाहिजे हा आपल्याकडचा आग्रह दोन्ही पिढ्यांवर अन्याय करतो. मुले आजोबांच्या पावलाने कंटाळतात आणि आजोबा मुलांच्या पावलाने धापा टाकतात.

मी आई आणि आप्पांना टॅक्सीने लालबागला नेले. भारतमाता चित्रपटगृहाच्या चौकात उतरलो. आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि वर बघू लागले. जिथे धुराडी होती तिथे उंच इमारती. त्यांना चाळीची गल्ली ओळखू येईना. शेवटी एका मारुतीच्या देवळावरून त्यांनी दिशा बांधली. मी म्हटले, डिलाईल रोडला जाऊन गिरणीची जागा पाहू या. त्यांनी मान हलवली. "नको. तिथं काही नाही." चहाच्या टपरीवाल्याने दोन स्टुले दिली आणि ते दोघे तिथे चाळीस मिनिटे बसले. पहाटेचा भोंगा, तीन पाळ्या, खाणावळीतले जेवण, गणपतीच्या दिवसांतली रात्र. आप्पा सांगत होते आणि आई दुरुस्त्या करत होती. एकदा त्यांचा आवाज अडला. आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे पाहिले.

जुन्या जागी नेल्यावर ज्येष्ठांना रडू आले तर घाबरून तिथून ओढून नेऊ नये, आणि 'आता काय त्याचं' असे म्हणून गंमतही करू नये. बसायला जागा द्यावी आणि वेळ द्यावा. त्या संध्याकाळी आप्पांचे चालणे जेमतेम दोनशे पावले झाले असेल. त्यांच्या लेखी मुंबई झाली होती. रात्री ते नेहमीपेक्षा एक पोळी जास्त जेवले.

खरी जोखीम रात्रीची असते. परक्या घरात ज्येष्ठ पडतात ते बहुधा न्हाणीघराच्या वाटेवर. आमच्या घरी आई पलंगावरून उठून डावीकडे वळते. पाय तिशी-चाळीस वर्षे त्या वळणाला सरावलेले आहेत, ते झोपेत विचार करत नाहीत. मावशीकडे डावीकडे लोखंडी कपाट होते. झोपण्यापूर्वी आम्ही ती वाट आईकडून तीनदा चालून घेतली, वाटेतले पायपुसणे उचलले, न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार किलकिले ठेवले आणि तिच्या उशाशी विजेरी दिली. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी व्यक्ती एकदम उठली की डोक्याकडचा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडतो आणि अंधारी येते. म्हणून उठल्यावर काठावर पाय सोडून मनाशी तीस आकडे मोजायचे, मगच उभे राहायचे. आई रात्री दोनदा उठली. दोन्ही वेळा मला आकडे पुटपुटल्याचे ऐकू आले.

ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आहेत त्यांच्यासाठी येथे वेगळे सांगणे आवश्यक आहे. अशा व्यक्तीला सूर्यास्तानंतर अनोळखी घर अधिक अनोळखी वाटते. ती 'घरी चला' म्हणू लागते, दाराकडे जाते. आजार सौम्य असेल तर एका रात्रीचा मुक्काम ओळखीच्या नातेवाइकाकडे, त्यांची रोजची चादर आणि उशी बरोबर घेऊन करावा. आजार वाढलेला असेल तर जाऊन-येऊन एका दिवसाची, जवळची सहल बरी. दादर किंवा सीएसएमटीसारख्या स्थानकात 'इथंच थांबा, आलो' असे सांगून त्यांना क्षणभरही सोडू नये. खिशात नाव, आजार, औषधे आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत त्यांचे छायाचित्र मोबाइलवर काढून घ्यावे. हरवल्यास 'पांढरा सदरा' असे सांगण्यापेक्षा छायाचित्र दाखवणे पोलिसांना फार उपयोगी पडते. रेल्वेत मदतीसाठी १३९ आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी, हे दोन आकडेही त्याच चिठ्ठीवर असू द्यावेत.

रविवारी सकाळी राणीचा बाग. रविवारी लोकलच्या मार्गांवर दुरुस्तीचा मेगाब्लॉक असतो हे बाहेरगावच्या लोकांच्या ध्यानात राहत नाही. आम्ही टॅक्सीच केली. ही बाग बुधवारी बंद असते. ज्येष्ठांसाठी मी या शहरात एकच ठिकाण सुचवायचे झाले तर हेच सुचवीन. सपाट रस्ते, दीडशे वर्षांहून जुनी झाडी, बसायला बाक. मुले २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनच्या जातीचे कौतुक पाहायला रांगेत गेली. आई आणि आप्पा एका मोठ्या वृक्षाखाली बसून शेंगा खात राहिले. भाचा परत येऊन तावातावाने वर्णन करू लागला तेव्हा आप्पा म्हणाले, "आमच्या वेळी इथं हत्तीवर बसवायचे." पुढचा अर्धा तास पेंग्विन मागे पडले.

संध्याकाळच्या पंचवटीने परतलो. आईने स्वतःच बाटली मागून घेतली. कल्याण गेल्यावर वहिनीकडे झुकून हळूच म्हणाली, "तुझी पर्स दे गं जरा," आणि दोघी उठल्या.

परतल्यावर दोन दिवस मी दोघांकडे रोज डोकावले. आईचे वजन सकाळी, लघवी झाल्यावर आणि काही खाण्यापूर्वी केले. हृदयविकाराच्या रुग्णात दोन-तीन दिवसांत दोन किलोने वजन वाढणे म्हणजे अंगात पाणी साठणे, आणि ते सूज दिसण्याआधी काट्यावर दिसते. तिचे वजन निघण्यापूर्वी होते तेवढेच भरले. आप्पांच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. बराच वेळ बसून झालेल्या प्रवासानंतर एकाच पायाला सूज, दुखणे किंवा उष्णता जाणवली तर ती त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, तेल लावून चोळू नये. तसे काही नव्हते. ते खुर्चीत बसून भाच्याला गिरणीचा भोंगा कसा वाजायचा ते तोंडाने करून दाखवत होते आणि स्वयंपाकघरातून आई सांगत होती की तो इतका लांब नव्हता.